तिन्हीसांजेचे भुंगे: एप्रिल ते जूनच्या नोंदी

९ एप्रिल
सूर्यास्त ६:५०. साडेसातला ३१ अंश, वारा पडलेला. भुंगे ०.

दरवर्षी उन्हाळ्यात दिवेलागणीला एखादा मोठा भुंगा घुंऽऽ करत पडवीत शिरतो, भिंतीवर थडकतो, उताणा पडून पाय झाडत बसतो. मग कुणीतरी त्याला केरसुणीने बाहेर लोटतं. तो कोण, कधीपासून येतो, किती येतात, असं विचारलं की उत्तर एकच, ‘असतात की उन्हाळ्यात.’ या वर्षी मोजायचं ठरवलंय.

कल्पना उसनी आहे. ब्रिटनमध्ये ‘ग्रेट स्टॅग हंट’ नावाची मोजणी १९९८पासून चालू आहे. सांबरशिंगासारखे जबडे असलेला तिथला मोठा भुंगा दिसला की साधी माणसं कळवतात. त्याची अळी कुजक्या लाकडात काही वर्षं काढते आणि भुंगा होऊन उबदार संध्याकाळी उडायला मिळतात ते जेमतेम काही आठवडे. तो भुंगा आपल्याकडे नाही. दुसरे आहेत.

नियम दोनच. सूर्यास्तानंतर एक तास बसायचं. आणि अंगठ्याच्या पेराएवढा, म्हणजे तीन सेंटिमीटर तरी असेल तोच मोजायचा. शून्य आलं तर शून्य लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही.

१० ते १६ एप्रिल
०, ०, ०, ०, ०, ०, ०. डास पुष्कळ.

१७ एप्रिल
३२ अंश. दिसला नाही, ऐकू आला. ७:१८.

दिसला नाही तर मोजायचा का, यावर स्वतःशीच वाद घातला. मोजला, पुढे ‘आ’ लिहून. आवाजात चूक होणं अवघड आहे. डासाचे पंख सेकंदाला काहीशे वेळा हलतात म्हणून त्याची गुणगुण बारीक आणि चिडकी. मोठ्या भुंग्याचे फार कमी. जपानी गेंड्या भुंग्याचे मोजलेत, सेकंदाला साधारण ३८ वेळा. म्हणून तो खर्जात बोलतो, लांब कुणीतरी पाण्याचा पंप चालू केल्यासारखा. आवाज डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे सरळ रेषेत गेला आणि संपला.

२२ एप्रिल
वाट बघून कंटाळले आणि शॉर्टकट घेतला. दोरीवर पांढरी चादर, तिच्यासमोर पांढरा झगझगीत दिवा. शेतकरी प्रकाश सापळा लावतात तसंच, फक्त खाली पाण्याचं घमेलं नाही.

एका तासात ११! आठ दिवसांचं शून्य एका रात्रीत धुऊन निघालं. सगळे एकाच जातीचे, काळपट तपकिरी, चकचकीत, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. गेंड्या भुंगा, ओरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस. पट्टीवर धरलेला सर्वांत मोठा ४४ मिलिमीटर. फार खूश होऊन झोपले.

२३ एप्रिल
भाची आली होती. चादरीपुढे मांडी घालून बसली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, “मावशी, हा मघाचाच आहे. याचा पाय तुटलाय बघ.”

खरंच होता. मी त्याला उचलून कुंपणापलीकडे सोडला होता, तो पुन्हा हजर. मग तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं. येईल त्याच्या पाठीवरच्या टणक पंखांवर ठिपका द्यायचा आणि सोडायचं. पहिल्याला डाव्या पंखावर एक. दुसऱ्याला उजव्यावर एक. तिसऱ्याला दोन्हींवर एकेक. चौथ्याला डाव्यावर दोन. पाचव्याची वेळ आलीच नाही. तासाभरात चादरीवर भुंगा आदळला ११ वेळा आणि भुंगे होते चार.

कालचाही आकडा ११च होता. तो खोडला नाही, पण त्याच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

२४ एप्रिल
दिवा बंद. कारण लिहून ठेवते, नाहीतर जूनमध्ये पुन्हा मोह होईल.

किडे दिव्यावर प्रेमाने येतात असं आपण कवितेत वाचलेलं. २०२४ साली वेगवान कॅमेऱ्यांनी केलेलं एक काम प्रसिद्ध झालं, त्यात निराळंच दिसलं. उडणारा किडा पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षं उजेडाची बाजू म्हणजे आकाशाची बाजू होती, त्यामुळे वर-खाली ओळखायची ही युक्ती कधी फसली नाही. जवळ दिवा आला की ती फसते. दिवा बाजूला असेल तर किडा तिरका होऊन त्याच्याभोवती गरगरत राहतो आणि दिवा खाली असेल तर चक्क उताणा होऊन कोसळतो. पडवीत उताणे पडून पाय झाडणारे भुंगे मी लहानपणापासून बावळट समजत आले. बिचाऱ्यांना आकाश कुठे आहे तेच कळत नव्हतं.

म्हणजे चादरीवर मी भुंगे मोजतच नव्हते. माझ्या दिव्यात अडकलेले चार जीव पुन्हा पुन्हा मोजत होते. शिवाय कुठून आले, कुठे निघाले होते, दिवा नसता तर या वाटेने गेले असते का, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

२८ एप्रिल
अंधारातली पहिली खरी बैठक. सूर्यास्त ६:५५, ३२ अंश, वारा नाही. भुंगे ३.

चार दिवस चुकीच्या ठिकाणी उभी होते. जमेल ते असं: तोंड मावळतीकडे, पाठीमागे एकही दिवा नको, फोन खिशात. डोळे झाडावर लावायचे नाहीत, झाडांच्या शेंड्यांच्या वर आकाशाचा जो फिकट पट्टा उरतो त्यावर लावायचे. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत आपल्या अक्षांशावर बावीस-तेवीस मिनिटं जातात. तेवढा वेळ आणि पुढची दहा-बारा मिनिटं त्या पट्ट्यावर काळी आकृती ओळखता येते. नंतर फक्त कान.

वटवाघूळ आणि भुंगा यांत सुरुवातीला घोटाळा होतो. वटवाघूळ क्षणाक्षणाला वळतं, झोके खातं. भुंगा नाकासमोर जातो, जड, थोडा उभट, मागचं अंग खाली लोंबतं आणि पुढचे टणक पंख दोन्ही बाजूंना उघडून ताठ धरलेले. हलतात ते मागचे, पातळ. तिन्ही भुंगे ७:१२ ते ७:३१ या वेळात आणि तिन्ही एकाच दिशेने, शेणखताच्या खड्ड्याकडून नारळांकडे.

दिव्याखाली हे दिसलं नसतं.

३ मे
भुंगे २, एक हातात.

खड्ड्याच्या कडेला शेणखतातून वर येताना सापडला. मादी. शिंग तोकडं होतं, पण शिंगावरून नर-मादी ठरवू नये, लहान नराचंही तोकडंच असतं. शेपटाकडचा भाग बघायचा. मादीला तिथे तांबूस केसांचा झुबका असतो. मुठीत धरल्यावर चीं चीं केलं. तोंडाने नव्हे, पोटाचा खरखरीत भाग पंखांच्या कडेवर घासून.

तळहात उघडला. उडून जाईल असं वाटलं, पण गेली नाही. आधी पोट आतबाहेर व्हायला लागलं, भाता चालवल्यासारखं. मग मिशांच्या टोकाची मिटलेली तीन पानं पंख्यासारखी उलगडली. मग तळव्याला कंप जाणवायला लागला. पंख अजून मिटलेले, आणि आत यंत्र सुरू. एवढ्या मोठ्या किड्याला थंड स्नायूंनी उडता येत नाही, आधी छाती तापवावी लागते. १९७८ साली बार्थोलोम्यू आणि हाइनरिख यांनी आफ्रिकेतल्या मोठ्या शेणकिड्यांचं तापमान मोजलं होतं, उडताना छाती चाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे तापल्या माणसापेक्षा गरम.

माझ्या घड्याळात दीड मिनिट गेलं. पाय ताठ झाले, झाकणं उघडली, खालून घड्या घातलेले पंख सुटले, वरच्या झाकणांच्या दीडपट तरी लांब. आणि उड्डाण थेट माझ्या चष्म्यावर. खाली पडली नाही, गेली पुढे. गेंड्या भुंग्याच्या मागच्या पंखाची टोकं आपटली की घडीवर दुमडतात आणि लगेच परत ताठ होतात, म्हणून धडक त्याला पचते. चष्म्याला पचली नाही, डावी काडी वाकली.

उबदार संध्याकाळच का, याचं निम्मं उत्तर तळहातावर मिळालं. हवा आधीच ३२ अंश असेल तर तापायला कमी खर्च.

७ मे
भुंगे ४.

शेजारच्या काकांची बारा नारळाची झाडं आहेत. मला अंधारात उभी बघून कुंपणाशी आले.
“काय गं, काय चाललंय रोज?”
“भुंगे मोजते, काका.”
“मोजतेस? अगं, चिरड त्यांना!”

मग टॉर्च घेऊन झाडाकडे नेलं. नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण, दोन्ही बाजूंना सारखे. भुंगा उलगडायच्या आधीच्या कोवळ्या सुरळीत शिरून आरपार खातो, पुढे झावळी उघडली की नक्षी दिसते. शेंडा मेला तर झाड गेलं. शिवाय त्या भोकांतून सोंड्या भुंगा आत शिरतो, तो आणखी वाईट. काका तारेच्या आकड्याने भोकातून भुंगा ओढून काढतात. माझ्यासमोर एक काढला.

काकांकडे कामगंध सापळाही आहे, बादली आणि आत वासाची पुडी. नाव जरा फसवं आहे. या भुंग्याचा तो वास, इथाइल ४-मिथाइलऑक्टॅनोएट, १९९५मध्ये ओळखला गेला. नर तो सोडतो आणि नर-मादी दोघंही येतात. म्हणजे हाक ‘सगळे इकडे या’ अशी आहे. भुंग्यांची वाट नारळांकडेच का जाते याचंही उत्तर काही अंशी त्या बादलीत असणार. माझ्या आकड्यांवर तिचा परिणाम होतोय. काढा म्हणायची सोय नाही. नोंद करून ठेवते.

काकांना सांगितलं की चिरडण्यापेक्षा शेणखत उपसून अळ्या वेचा, कुजकी खोडं जाळा, जन्म तिथेच होतो. “ते आम्हाला माहीत आहे,” म्हणाले. माहीत असणारच. १९०९मध्ये श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर हा भुंगा सामोआला पोचला आणि मग प्रशांत महासागरातली बेटं एकामागून एक त्रासली. शेवटी मलेशियात १९६३मध्ये सापडलेला एक विषाणू कामाला आला. आपल्याकडे हा भुंगा घरचाच आहे, शत्रूंसकट.

मी मात्र चिरडत नाही. आणून देतही नाही. काकांना हे पटलेलं नाही.

१२ मे
पौर्णिमा, आकाश लख्ख. भुंगे १. चंद्रामुळे कमी की योगायोग, एका रात्रीवरून बोलायचं नाही.

१५ मे
भुंगे २, त्यातला एक वेगळा. आंब्याच्या बुंध्यावर ७:४०ला उतरला. राखाडी, पाच सेंटिमीटर, मिशा अंगाहून लांब, मानेमागे दोन नारिंगी डाग. आंब्याचा खोडकिडा, बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. कोकणात याच्या अळीला भिरूड म्हणतात. उचलला तर हाही किरकिरला, पण मान हलवून. गेंड्याने शेपटाकडून केलं तेच याने मानेकडून. उडताना बघायचा होता, तो चालतच वर गेला.

१८ मे
भुंगे ०. पण सकाळी कडुनिंबाखाली झाडताना टणक पंख सापडले, तपकिरी, चकचकीत, एकूण नऊ. एक शिंगासकट डोकं. वर फांदीवर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ. पिंगळ्याची जोडी तिथे बसते हे माहीत होतं, पण ही जागा इतक्या कामाची आहे हे नव्हतं. आता रोज सकाळी झाडण्याआधी तिथे वाकून बघायचं. घरात या नव्या सवयीवर विनोद सुरू झालेत.

१९ ते २२ मे
०, १, ०, ०. संध्याकाळचा गरम वारा. ३६ अंश आहे पण वारा असला की कुणी उडत नाही. नुसती उष्णता पुरेशी नाही, हवा पडलेली लागते.

२३ मे
चारला वळीव, चांगला अर्धा तास. सूर्यास्त ७:०३. माती नरम, हवा दमट, २७ अंश.

७:१५ला जमिनीतून आवाज आला. जमिनीतून म्हणजे शब्दशः, अंगणातल्या मातीला भोकं पडत होती आणि प्रत्येकातून एक तांबूस तपकिरी भुंगेरा वर येत होता. पाच मिनिटांत हवेत इतके की तोंड मिटून उभं राहावं लागलं. सगळे कडुनिंबाकडे. काळोखात पूर्ण झाड भणभणत होतं, पानं खाल्ल्याचा बारीक करकर आवाज आणि वरून पडणारी हलकी लेंडी. टॉर्च मारला तर फांदीफांदीवर जोड्या.

हुमणी. होलोट्रायकिया सेराटा. अळी जमिनीत पिकांची मुळं खाते आणि भुंगेरा पहिल्या चांगल्या पावसाची वाट बघत मातीत दबून असतो. लांबी दोन सेंटिमीटर, म्हणजे माझ्या नियमात बसत नाहीत. मोजायचे नाहीत. पण मी तासभर तिथून हलले नाही.

मोठे भुंगे: या गोंधळात किती गेले सांगता येत नाही. रकान्यात ‘बिघाड’.

२४ मे
पुन्हा हुमणी, कालच्या निम्मी. काकांनी निंबाखाली ताडपत्री पसरली, फांद्या हलवल्या आणि पडलेले रॉकेलच्या पाण्यात. या वेळी मीही फांदी धरली. मोजणारा तटस्थ असावा वगैरे ठीक आहे, पण पुढच्या महिन्यात तिथे भुईमूग पेरायचा आहे.

२७ मे
रात्री ८ला गाडीच्या काळ्या टपावर टप्प, टप्प. दोन पाणभुंगेरे, हिरवट काळे, कडेला पिवळी किनार, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गुळगुळीत. तळं इथून लांब आहे. पण पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच पातळीत हलतात, पाणकिडे त्यावरून पाणी ओळखतात, आणि काळा चकचकीत टप तसाच प्रकाश परत पाठवतो. दोघेही टपावर पोहायचा प्रयत्न करत होते, मागचे केसाळ पाय वल्ह्यासारखे मारत. बादलीत घालून सकाळी तळ्यावर सोडले. ३४ मिलिमीटर, म्हणून मोजले.

१ जून
भुंगे ३. एक शेणकिडा, कॅथार्सियस, काळा, ठेंगणा, खांद्याला रुंद. उताणा केला तर पायांच्या मुळाशी फिकट तपकिरी दाणे, आणि दाणे चालत होते. कोळीवर्गातले बारीक जीव, शेणाच्या एका पोवापासून दुसऱ्यापर्यंत भुंग्यावर बसून जातात आणि तिथे उतरून माशांची अंडी खातात. मोजायला गेले, एकोणीसनंतर गोंधळ झाला. हे सगळं घेऊन तो उडत होता.

५ जून
पाऊस आता रोजचा. बैठक बंद.

अंधारातल्या ३९ संध्याकाळी, पैकी पावसाने चार बुडाल्या आणि एक बिघाड. उरलेल्या ३४ संध्याकाळी मोठे भुंगे ६१, त्यात गेंड्या ४७. शून्याच्या संध्याकाळी १२. सूर्यास्तानंतर पंधरा ते पस्तीस मिनिटांत दिसलेले ४४. दिव्याच्या दोन रात्री बेरजेत धरलेल्या नाहीत. पुढच्या वर्षी काकांची बादली आधीपासून नोंदवायची आणि चष्म्याला दोरी बांधायची.

८ जून
सकाळी कडुनिंबाखाली ओल्या पाल्यात एक पंख. डावा. त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, कडा थोड्या उडालेल्या. सेहेचाळीस दिवस टिकला.

एकच ठिपका, म्हणजे क्रमांक चार नाही. पण डाव्यावर एक ठिपका पहिल्यालाही आहे आणि तिसऱ्यालाही. भाचीला फोन केला, तिने आधी खूण देण्याची पद्धत कुणी ठरवली होती ते विचारलं. मीच.

उजवा पंख मिळाला तर कळेल. दुपारपर्यंत पाला उलथापालथा केला, मुंग्या चावल्या, मिळाला नाही. वहीत लिहिलंय: ‘१ किंवा ३’.